सुट्टीत काय वाचायचं? आधी आपल्या नाशिकची पुस्तकं काढा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की निफाडचा पारा रोज पेपरात यायला लागतो, मुलांना नाताळची सुट्टी लागते, ऑफिसात निम्मी माणसं रजेवर असतात आणि दरवर्षी कुणी ना कुणी मला विचारतंच, अगं सुट्टीत वाचायला काहीतरी चांगलं सुचव ना. मी गेली वीसेक वर्षं वाचनालयाची सभासद आहे, घरात सासूबाई वाचतात, सातवीतला लेक वाचतो (कधी कधी), त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन आता माझी एक पद्धत ठरून गेलीय, ती इथे सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, आकडा ठरवू नका. नवीन वर्षात पन्नास पुस्तकं वाचणार, शंभर वाचणार असं ठरवलं की माणूस पानं मोजायला लागतो, जाड पुस्तक हातात घ्यायला घाबरतो आणि संक्रांतीपर्यंत सगळं थंड पडतं. त्यापेक्षा सुरुवात आपल्या गावापासून करा. म्हणजे जी पुस्तकं नाशिकमध्ये लिहिली गेली, नाशिकच्या माणसांनी लिहिली किंवा ज्यांत इथली गावं आहेत, ती आधी. वाचनाची सवय सुटलेल्या माणसाला परत पुस्तकात आणायला याहून चांगला रस्ता मला तरी सापडलेला नाही, कारण ओळखीची जागा आली की लक्ष आपोआप टिकतं. आणि आपलं नशीब असं की या शहराच्या आजूबाजूला चार-सहा पुस्तकं अशी आहेत जी अख्ख्या महाराष्ट्रात वाचली जातात.

त्यातलं पहिलं 'श्यामची आई'. ते लहानपणी वाचलंय असं सगळे म्हणतात, पण नीट विचारलं तर बहुतेकांनी पाठ्यपुस्तकातला धडा वाचलेला असतो. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू केलं आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपवलं, म्हणजे जेमतेम पाच दिवसांत. आपण जेलरोडवरून रोज गाड्या हाकत जातो, पण या गोष्टीची आठवण क्वचितच कुणाला होते.

आता हे वाचायचं कसं ते सांगते, कारण इथेच खरी गंमत आहे. पुस्तक प्रकरणांत नाही, रात्रींत विभागलंय, एकूण बेचाळीस रात्री. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. मग आपणही तसंच वाचायचं, रोज रात्री जेवणं झाल्यावर एकच रात्र, मोठ्याने, घरातल्या कुणीही एकाने. एक जानेवारीला सुरू केलं तर बेचाळिसावी रात्र येते ११ फेब्रुवारीला, मध्ये लग्नबिग्न, पाहुणे, एखादा आजारपणाचा दिवस धरून दोन रात्री चुकल्या तरी तुम्ही बरोबर १३ फेब्रुवारीला संपवता, म्हणजे गुरुजींनी लिहून संपवलं त्याच तारखेला. हे मी एकदा कॅलेंडर समोर घेऊन मोजलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

मागच्या वर्षी आम्ही हे केलं. हॉलमध्ये सतरंजी, सासूबाईंच्या पायावर गोधडी, लेक अर्धा आडवा. अळणी भाजीची रात्र होती, आईकडून भाजीत मीठ घालायचं राहतं आणि वडील एक अक्षर न बोलता जेवून उठतात, आईला वाईट वाटू नये म्हणून. वाचणं थांबलं तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असं झालं असतं ना, तर ताट भिंतीवर गेलं असतं." त्यांच्या माहेरची ही गोष्ट त्यांनी पन्नास वर्षांत कधी काढली नव्हती. त्या रात्री आम्ही पुढे अर्धा तास नुसतं त्यांचं ऐकत बसलो. मोठ्याने वाचा असं मी एवढं आग्रहाने सांगतेय ते यासाठी, एकट्याने मनात वाचलं असतं तर ही गोष्ट बाहेर आलीच नसती.

एक लक्षात ठेवा, पुस्तक नव्वद वर्षांपूर्वीचं आहे, सोवळं-ओवळं, जातीपातीचे रिवाज सगळं त्यात येतं. मुलं विचारतात, असं का करायचे? तेव्हा टाळू नका, पुस्तक बाजूला ठेवून बोला. पुढची रात्र उद्या वाचली तरी चालते.

दुसरं, आणि मला विचाराल तर सगळ्यात आवडतं, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई गोदाकाठच्या जलालपूरच्या, जन्म १८६८ चा, माहेरच्या गोखले. लग्नानंतर नवऱ्याने लिहायला-वाचायला शिकवलं, पुढे १८९५ मध्ये नवरा म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि बाईंच्या संसाराची पार उलथापालथ झाली, काही वर्षं दोघं वेगळे राहिले आणि मग त्याही तिकडे गेल्या. हे ऐकायला रडकं वाटतं ना? पण पुस्तक उघडून बघा, बाई ज्या पद्धतीने सांगतात त्याने हसून हसून मुरकुंडी वळते, वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचं पैशाच्या बाबतीतलं भोळेपण, सगळं इतक्या साध्या बोलण्याच्या मराठीत की आत्ता समोर बसून गवार मोडता मोडता सांगतायत असं वाटतं. हे चार भागांत १९३४ ते १९३७ या काळात आलं. बाजारात संक्षिप्त आवृत्तीपण मिळते, ती घेऊ नका, पूर्ण घ्या. जाड आहे म्हणून घाबरू नका, दिवसाला पंधरा पानं एवढंच ठरवा. सुरुवातीला नात्यांचा आणि नावांचा गोंधळ होतो तर एका कागदावर कोण कुणाचं कोण ते लिहून पुस्तकातच बुकमार्क म्हणून ठेवा, तीस पानांनंतर तो कागद लागत नाही.

नाताळच्या सुट्टीत हे पुस्तक वाचायला मला विशेष छान वाटतं. शरणपूर रोडने जाताना चर्चवर लायटिंग दिसते, आणि रात्री घरी येऊन आपण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी ख्रिस्ती घरातलं वाचत असतो.

तिसरं 'आमचा बाप आन् आम्ही', नरेंद्र जाधवांचं, १९९३ चं. जाधवांचं मूळ गाव आपलं ओझर. वडिलांनी म्हातारपणी मुलाच्या आग्रहावरून स्वतःच्या बोलीत वह्यांमध्ये आठवणी लिहून काढल्या, त्यातून हे पुस्तक उभं राहिलं. बापाचा आवाज जिथे येतो ती पानं मोठ्याने वाचा, त्या बोलीचा ठसका डोळ्यांनी कळत नाही. आणि वाचून झाल्यावर एक काम करा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक दोनशे पानी वही आणि चांगलं चालणारं पेन आणून द्या. लिहितील न लिहितील, पण द्या.

याच्या जोडीला बाबुराव बागूल. जन्म १९३०, गाव विहितगाव, म्हणजे नाशिकरोडच्या शेजारचं. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. या कथा सुट्टीच्या मूडच्या नाहीत हे आधीच सांगते, एका दमात वाचूच नका, एक कथा वाचा, पुस्तक मिटा, दुसऱ्या दिवशी परत उघडा. पण नाशिकची पुस्तकं म्हणून यादी करायची आणि बागूल वगळायचे हे मला पटत नाही, उलट बाहेरगावच्या पाहुण्याने विचारलं तर मी हे पुस्तक आधी हातात देते.

मग कुसुमाग्रज तर आलेच. 'विशाखा' १९४२ ची. कवितासंग्रह सलग वाचायचा नसतो हे बऱ्याच लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून ते बिचारे पहिल्या पानापासून धावत सुटतात आणि दहाव्या पानावर कंटाळतात. एक कविता सकाळी चहाबरोबर, तीच कविता संध्याकाळी परत. बास. आठवड्याला तीन झाल्या तरी भरपूर. गंगापूर रोडच्या बाजूला आलात की कुसुमाग्रज स्मारकात चक्कर मारा.

आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीसाठी माझी खास शिफारस नाटक. म्हणजे बघायचं नाही, वाचायचं. आपल्या शहरात वसंत कानेटकर राहिले, इथल्याच एचपीटी कॉलेजात शिकवलं, त्यांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ चं. चार-पाच घरची माणसं जमली की भूमिका वाटून घ्यायच्या, दोन प्रती असल्या तर उत्तम, नसल्या तर एकच पुस्तक फिरवायचं. अभिनय करायची गरज नाही, नुसतं स्पष्ट वाचायचं. पहिला अंक जेवणाआधी, मग पावभाजी की काय असेल ते, मग पुढचं. शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांच्यातला बाप-लेकाचा ताण त्यात आहे, त्यामुळे घरात वयात आलेला मुलगा असेल तर त्याला संभाजी द्या, तो मनापासून वाचतो, हे अनुभवाने सांगते.

आता पुस्तकं आणायची कुठून? टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, आपण सगळे सावाना म्हणतो ते, १८४० पासून चालू आहे. सभासद व्हायला फार काही लागत नाही, फॉर्म, फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स, अनामत आणि वर्गणी. सुट्ट्यांचा विचार करून जा, २४ तारखेला संध्याकाळी धावतपळत गेलात तर हवं ते पुस्तक आधीच कुणीतरी नेलेलं असतं, म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच देवघेव विभागात चौकशी करून ठेवा. तिथल्या लोकांशी बोला. मला आजवर मिळालेली निम्मी चांगली पुस्तकं काउंटरपलीकडच्या माणसाने "हे बघा बरं वाचून" म्हणून दिलेली आहेत.

वाचनालयात पुस्तक निवडायची माझी एक युक्ती आहे. मागच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, जुन्या पुस्तकांत हमखास, ती बघा. शिक्के दाटीवाटीने असतील, चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली असेल तर ते पुस्तक लोकांनी धरून ठेवलंय. आणि शिक्के थोडेच, पण सगळे एकमेकांच्या जवळच्या तारखांचे, म्हणजे पंधरा दिवसांनी परत, परत पंधरा दिवसांनी, तर कुणीतरी एकच माणूस ते पुन्हा पुन्हा नूतनीकरण करून नेत असणार, असं पुस्तक मी डोळे झाकून घेते. ज्याने एवढं धरून ठेवलं त्याला त्यात काहीतरी सापडलंच असणार.

विकत घेणार असाल तर दुकानातून घ्या, पाच मिनिटं उभं राहून चाळा. मी एकदा रस्त्यावरच्या एका स्टॉलवरून अगदी अर्ध्या किमतीत एक गाजलेली कादंबरी आणली, रात्री रंगात येऊन वाचतेय आणि पान ८० नंतर एकदम ९७. मधली सोळा पानं गायब. मराठी पुस्तकं सोळा पानांच्या फॉर्म्यात छापतात, तो अख्खा एक फॉर्माच बांधायचा राहिला होता, आणि नीट पाहिलं तर छपाई फिकट, कागदातून पलीकडची अक्षरं दिसतायत, म्हणजे नकली प्रत. वाईट पैशाचं नाही वाटलं, नायिकेचं नेमकं काय झालं ते कळायच्या ऐन वेळी पानं नव्हती आणि वाचनालय दोन दिवस बंद, याचं वाटलं. तेव्हापासून मी कुठलंही पुस्तक घेताना १६, ३२, ४८, ६४, ८० असे सांधे उघडून पुढचं पान येतंय ना ते बघते. तुम्हीपण बघा, मिनिटभराचं काम आहे. आणि नकली प्रतीचा एक रुपयाही लेखकाला मिळत नाही, त्यामुळे स्वस्तात मिळालं तरी नको.

दिवाळी अंक विसरू नका. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपली ही चैन आहे, पण दिवाळीत फराळ आणि पाहुण्यांमध्ये कुणाचंच वाचून होत नाही. अंक खरे वाचले जातात ते डिसेंबर-जानेवारीत. घरात पडलेले दोन-तीन अंक शोधून काढा, शेजारच्यांशी अदलाबदल करा. प्रवासात तर दिवाळी अंकासारखं काही नाही, पंचवटीने मुंबईला जाताना इगतपुरीपर्यंत एक कथा, कसारा घाट उतरेपर्यंत एखादा लेख, कल्याणपर्यंत आणखी एक कथा असं बरोबर बसतं.

प्रवासात सलग पुस्तकच हवं असेल तर पातळ घ्या. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', १९३९ चं, युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवरची गोष्ट, जाता-येता संपतं, मनातून मात्र जात नाही. किंवा व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', धनगरांच्या वाडीत आलेल्या तरुण मास्तरची. वाचायची सवय पूर्ण मोडलेल्या माणसाला मी हेच देते, भाषा स्वच्छ, प्रकरणं छोटी, आणि माळरानावरचं ऊन अंगाला जाणवतं.

मुलांचं थोडं वेगळं असतं. त्यांना आपण निवडून दिलेलं पुस्तक आवडत नाही, म्हणून बालविभागात सोडून द्या आणि आपण बाहेर थांबा. लहान मुलांना माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं, चौथी-पाचवीच्या पुढे भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे', सातवी-आठवीला जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, 'यक्षांची देणगी'पासून सुरू करा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आपल्याकडे साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष नारळीकरच होते, हे सांगितल्यावर माझ्या लेकाने पुस्तक उचललं. मुलगी आठवी-नववीत असेल तर शांता शेळक्यांनी मराठीत आणलेलं 'चौघीजणी' द्या, त्याची सुरुवातच नाताळात होते, त्यामुळे २४ तारखेला सुरू करायला एकदम योग्य.

डोळ्यांचा त्रास असलेल्या घरच्या मोठ्यांसाठी स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात, पण एक सुचवते, पहिले दोन-तीन दिवस तुम्हीच शेजारी बसून अर्धा-अर्धा तास वाचून दाखवा, मग मोबाईल लावून द्या. आमच्या सासूबाई मोबाईलवर ऐकतात, पण त्यांना माझ्याच आवाजात हवं असतं ते दुपारचं.

आणि सोसायटीत हौशी लोक असतील तर पुस्तकांची पेटी सुरू करा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानड्यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं ते नाशिकमधूनच, पेटीत पुस्तकं भरून वाचकांच्या गटाकडे द्यायची, वाचून झाली की पेटी बदलायची, आणि या पेट्या पार दुबईपर्यंत पोचल्या. आपल्याला एवढं मोठं नको, प्रत्येक घराने आपलं आवडतं एक पुस्तक द्यायचं, एक प्लास्टिकचा झाकणाचा बॉक्स, आत एक वही, कुणी काय नेलं ते लिहायला. बॉक्स वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. आमच्या बिल्डिंगमध्ये अकरा पुस्तकांवर सुरू झालं होतं, वहीत आता तिसरं पान भरत आलंय.

पुढच्या वर्षभराचं म्हणाल तर मी फार बांधून घेत नाही. मार्चपर्यंत वर्षअखेरीची कामं, परीक्षा, त्यामुळे कथा आणि कविता, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा वाढदिवस, त्या दिवशी 'विशाखा'तली पाठ झालेली एक तरी कविता घरात म्हणायची. मे महिन्यात जाड काहीतरी. जूनमध्ये शाळा सुरू होताना मिलिंद बोकीलांची 'शाळा' मी तिसऱ्यांदा वाचणार आहे. दिवाळीपर्यंत जे हाताला लागेल ते.

नवीन कालनिर्णय आणून भिंतीला लावलंय. एक जानेवारीच्या चौकोनात पेन्सिलीने 'रात्र १' लिहिलं, मग लेकाने पेन्सिल घेतली आणि पान उलटून ११ फेब्रुवारीपर्यंत सगळ्या रात्री लिहून काढल्या. दुधाचे आकडे आता त्याच्या खाली लिहावे लागणार.